खुणा वाचणारा माणूस : इशी



या पानावर आम्ही अधूनमधून थोरामोठ्यांची चरित्रे देत असतो. आज ज्याची ओळख करून देत आहोत, त्याने एकही ग्रंथ लिहिला नाही, सत्ता गाजवली नाही, आणि त्याचे खरे नावही जगाला कधी कळले नाही. तरीसुद्धा अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक त्याचे नाव आदराने घेतात, आणि तेथील शाळांतून मुले त्याची गोष्ट वाचतात. जग त्याला इशी म्हणून ओळखते. २५ मार्च १९१६ रोजी तो वारला.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितलेली बरी. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. हा लेख कोणाला शिकारीची गोडी लावण्यासाठी नाही. ज्या माणसाचे पोट हरणावर चालत होते, तो हरणाकडे किती बारकाईने पाहत होता, आणि त्याच्याकडे मात्र जगाने कसे पाहिले, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

डोंगरातले लोक

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात लासेन नावाचा ज्वालामुखीचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या टेकड्यांमधून मिल क्रीक आणि डिअर क्रीक असे दोन ओढे वाहतात. डिअर क्रीक म्हणजे हरणांचा ओढा. या खोल घळींमध्ये याही नावाची आदिवासी जमात राहत असे. ही याना लोकांचीच एक शाखा, संख्येने अवघी काही शे. ओढ्यातला सामन मासा, ओक झाडाची फळे आणि डोंगरातले हरीण यांवर त्यांचा गुजारा चाले.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षापासून माणसांचे लोंढे येऊ लागले. नदीनाले गढूळ झाले, मासे कमी झाले, हरणांच्या कुरणात गुरे चरू लागली. उपाशी आदिवासी गुरे मारू लागले. त्याचा सूड म्हणून गोरे वसाहतवाले आदिवासींना मारू लागले. दोन्हीकडची माणसे मेली, पण एका बाजूला बंदुका होत्या आणि दुसऱ्या बाजूला धनुष्ये. १८६० नंतरच्या दहाबारा वर्षांत याहींच्या वस्त्यांवर एकामागून एक हल्ले झाले. १८७१ च्या सुमारास किंग्जली नावाच्या गुहेत लपलेल्या सुमारे ३० जणांना ठार करण्यात आले, त्यात लहान मुलेही होती. इशीचा जन्म १८६० च्या आसपासचा, म्हणजे हे सर्व त्याने पोरवयात पाहिले.

त्यानंतर याही संपले असे सर्वांनी गृहीत धरले. पण मूठभर माणसे उरली होती. ती जवळजवळ चाळीस वर्षे लपून राहिली.

माग न ठेवणारे

चाळीस वर्षे लपून राहणे म्हणजे काय, याची आपल्याला कल्पना करवत नाही. ही माणसे चालताना दगडावरून दगडावर पाय ठेवीत, म्हणजे मातीत ठसा उमटू नये. ठसा उमटलाच तर त्यावर पाचोळा पसरीत. दाट झुडपांखालून हातापायांवर रांगत जाण्याच्या त्यांच्या वाटा होत्या. वरून पाहणाऱ्याला त्या दिसत नसत. चूल अगदी लहान पेटवायची, म्हणजे धूर वर चढण्यापूर्वीच विरून जाईल. बंदूक त्यांना परवडली नसती आणि चाललीही नसती, कारण तिचा आवाज दऱ्यांतून घुमतो. धनुष्याचा आवाज होत नाही. म्हणून जगाने धनुष्य केव्हाच टाकून दिले असताना या लोकांनी ते जपले.

हरणाच्या खुणा वाचून जगणारी ही माणसे स्वतःच्या खुणा मात्र रोज पुसत होती. खूण म्हणजे काय हे ज्याला नेमके कळते त्यालाच ती पुसताही येते.

नोव्हेंबर १९०८ मध्ये एका वीज कंपनीसाठी मोजणी करणाऱ्यांची तुकडी डिअर क्रीकच्या घळीत उतरली आणि अचानक त्यांच्या झोपड्यांपाशी येऊन पोहोचली. त्या वेळी चारच माणसे उरली होती. एक म्हातारा आणि एक बाई, बहुधा इशीची बहीण, पळून गेली. इशीची आजारी आई पांघरुणाखाली पडून होती. तिला चालता येत नव्हते. आलेल्यांनी तिला हात लावला नाही, पण जाताना धनुष्ये, बाण, टोपल्या, कातडी पांघरुणे, अशा सगळ्या वस्तू आठवण म्हणून उचलून नेल्या. त्यांच्या दृष्टीने त्या जुन्यापुराण्या चिजा होत्या. त्या चौघांचा मात्र तो संपूर्ण संसार होता, आणि हिवाळा तोंडावर आला होता. आई थोड्याच दिवसांत वारली. बहीण आणि म्हातारा इशीला पुन्हा कधीच दिसले नाहीत.

संग्रहालयातला माणूस

ऑगस्ट १९११ च्या अखेरीस ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात कुत्रे जोराने भुंकू लागले. कुंपणापाशी एक पन्नाशीच्या आसपासचा माणूस दमून, उपाशी बसला होता. सुतकात केस जाळून आखूड करण्याची त्याच्या लोकांची रीत होती. त्याचे केस तसेच होते. त्याची भाषा कोणालाच कळेना. बघ्यांची गर्दी वाढली तेव्हा शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले, ते त्याच्याच रक्षणासाठी.

वर्तमानपत्रातली बातमी वाचून कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक वॉटरमन याना भाषेच्या शब्दांची यादी घेऊन आले. ते एकेक शब्द वाचत गेले, समोरचा माणूस गप्पच. शेवटी त्यांनी खाटेच्या लाकडावर हात ठेवून पिवळ्या पाइन झाडासाठी असलेला शब्द उच्चारला, आणि त्याचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी कोणीतरी त्याच्या भाषेतला एक शब्द बोलले होते.

त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणण्यात आले. त्याच्या लोकांत स्वतःचे नाव स्वतः सांगण्याची रीत नव्हती, आणि त्याचे नाव सांगणारे तर कोणीच उरले नव्हते. तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख प्रा. क्रोबर यांनी त्याला इशी म्हणायचे ठरवले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. पुढे त्याला संग्रहालयातच साफसफाईच्या मदतनिसाचे काम मिळाले, महिना २५ डॉलर पगारावर. रविवारी लोक त्याला पाहायला येत. तो त्यांना आग पाडून दाखवी, बाणाची टोके घडवून दाखवी. उंच इमारतींचे त्याला फारसे नवल वाटले नाही, डोंगर त्याने पाहिलेच होते. नवल वाटले ते आगकाडीचे आणि माणसांच्या गर्दीचे.

डॉक्टर आणि धनुष्य

संग्रहालयाला लागूनच विद्यापीठाचे इस्पितळ होते. तेथील शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप १९१२ मध्ये इशीला भेटले आणि दोघांची मैत्री जमली. डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांपेक्षा त्यांच्या हातचलाखीच्या जादूचे इशीला अधिक कौतुक वाटे. डॉक्टरांना मात्र इशीच्या धनुष्याने वेड लावले.

ते धनुष्य जेमतेम साडेतीन फुटांचे असे. लाकूड जुनिपरचे, आणि पाठीवर हरणाच्या कंडरांचे तंतू सरसाने बसवलेले. दोरीही त्याच तंतूंची. बाणाला ज्वालामुखीतून निघालेल्या काचेसारख्या काळ्या दगडाचे टोक, आणि ते टोक घडवायला हरणाच्या शिंगाचे अवजार. म्हणजे हरणाची शिकार करायचे साधन हरणापासूनच तयार होई. हरणाचे फारसे काही वाया जात नसे.

डॉक्टर पोप शिकता शिकता निशाणेबाजीत इशीच्या पुढे गेले. रंगीत गोल लावून नेम धरायचा म्हटले की इशी साधारणच ठरे. पण रानात शिरल्यावर पारडे फिरे. बंदुकीची गोळी शेदोनशे यार्डांवरून हरणाला गाठते. धनुष्याने शिकार करणाऱ्याला त्याच्या अगदी जवळ, कधी वीसेक पावलांवर जावे लागते. तेथे नेमापेक्षा महत्त्वाचे असते ते हरणाला कळू न देता तेवढे जवळ पोहोचणे. आणि तेथे पोहोचण्यासाठी आधी खुणा वाचता आल्या पाहिजेत.

नर हरणाचा माग

लासेनच्या डोंगरात काळ्या शेपटीचे हरीण आढळते. आपल्याकडच्या सांबर आणि चितळ यांच्याप्रमाणेच या हरणाच्या नराची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी मऊ कातडी असते. उन्हाळा संपत आला की ती सुकते आणि नर झुडपांवर, कोवळ्या झाडांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. झाडाची साल सोलली जाते, आतले लाकूड उघडे पडते. सोललेली जागा ओलसर आणि फिकट असेल तर नर नुकताच येऊन गेला. तपकिरी पडून सुकली असेल तर केव्हाच पुढे गेला.

खुरांचे ठसेही असेच वाचायचे. मोठ्या नराचे ठसे सहसा अधिक रुंद आणि खोल असतात, पण मऊ चिखलात मादीचा ठसाही खोल उमटतो. म्हणून जाणकार एका खुणेवर विसंबत नाहीत. ठशाच्या कडा धारदार आहेत की ढासळल्या आहेत, त्यात वाळलेले पान पडले आहे का, लेंड्या ओल्या चमकदार आहेत की कोरड्या, गवत कोठे दबले आहे, ते सर्व एकत्र मांडून मग निष्कर्ष काढायचा. शिकारीच्या भाषेत यालाच माग काढणे म्हणतात.

इशी तर त्याच्याही मागे जाई. डॉ. पोप यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, शिकारीला निघण्यापूर्वी तो आधी मुलूख समजून घेई. टेकड्या, घळी, झाडी कशी पसरली आहे; वारा बहुतेक कोठून वाहतो; उगवताना आणि मावळताना सूर्य कोठे असतो; पाणवठे कोठे, हरणांच्या वाटा कोठे, खारट माती चाटायला जनावरे कोठे येतात; चंद्र किती कलांचा आहे. म्हातारे नर दिवसा कोठे लपून बसतात आणि कोणत्या उंचवट्यावरून खालच्या रानावर नजर ठेवतात, हे तो शोधून ठेवी. आसपास हरणाला मारणारी इतर श्वापदे आहेत का, हेही पाही. एवढे झाल्यावर मगच धनुष्य हातात घेई.

शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, कारण त्यांचा वास हरणाला दुरून येतो. पहाटे उठून ओढ्यात अंघोळ करी, सुगंधी पाला अंगाला चोळी, चूळ भरी, पाणी पिई, पण काही खात नसे. अंगावर फक्त लंगोटी. कपडे झुडपात अडकून आवाज करतात. उघड्या कातडीला काटा लागला की माणूस आपोआप जपून चालतो. रानात बोलणे त्याच्या लेखी गुन्हाच. एक पाऊल टाकण्यापूर्वी तो दोनदा पाही. चढाच्या माथ्यावर आला की फक्त डोळे वर काढून बराच वेळ नुसता पाहत राही. आपल्याला एक हरीण दिसते तेव्हा दहा हरणांनी आपल्याला पाहिलेले असते, असे धरूनच तो चाले. वारा नेहमी समोरून घ्यायचा, सूर्य पाठीशी ठेवायचा.

कधी तो एक पान दुमडून ओठांत धरी आणि पाडसासारखा आवाज काढी. मादी आपले पिल्लू समजून जवळ येई. कधी हरणाचे पेंढा भरलेले डोके आपल्या डोक्यावर बांधून झुडपाआडून हळूच वर काढी. कुतूहलाने हरीण पाहायला येई.

१९१४ च्या उन्हाळ्यात क्रोबर, वॉटरमन, डॉ. पोप आणि त्यांचा लहान मुलगा इशीला घेऊन डिअर क्रीकला गेले. इशी आधी तयार नव्हता. ज्या जागी आपली सगळी माणसे गेली त्या जागी परत जाणे कोणाला सोपे जाईल? पण गेल्यावर त्याने त्यांना सारा मुलूख दाखवला. झाडेझुडपे, ओढे, वाटा, लपायच्या जागा, प्रत्येकाचे नाव सांगितले. चाळीस वर्षे ज्या खुणा जिवाच्या भीतीने पुसल्या, त्या त्याने आता परक्यांना आपण होऊन दाखवल्या.

अखेर

शहरातल्या माणसांचे आजार त्याच्या शरीराला ठाऊक नव्हते. त्याला क्षय झाला. तब्येत बरी असे तेव्हा तो शेजारच्या इस्पितळात जाई. हात समोर जोडून, एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे, प्रत्येक रुग्णाकडे शांतपणे पाहत पुढे सरके. भाषा थोडीच येत होती, पण त्याच्या नजरेतली काळजी रुग्णांना कळत असे. रानात ज्या डोळ्यांनी तो हरणाची चाहूल घेई, त्याच डोळ्यांनी तो माणसाचे दुखणे पाही, असे आम्हाला वाटते.

मार्च १९१६ मध्ये त्याच इस्पितळात तो वारला. त्या वेळी क्रोबर न्यूयॉर्कला होते. इशीच्या देहाची चिरफाड होऊ नये, असे त्यांनी तेथून कळवले होते, कारण इशीच्या लोकांच्या श्रद्धेला ते धरून नव्हते. पत्र उशिरा पोहोचले. विच्छेदन झाले, मेंदू वेगळा काढला गेला. बाकी देहाचे दहन करून अस्थी मातीच्या कलशात ठेवल्या गेल्या. आणि पुढच्या वर्षी स्वतः क्रोबर यांनीच तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तेथे तो कित्येक दशके पडून राहिला. १९९९ मध्ये आदिवासींच्या आग्रहामुळे शोध लागला, आणि ऑगस्ट २००० मध्ये तो याना वंशाशी नाते असलेल्या आदिवासींच्या स्वाधीन करण्यात आला. त्यांनी अस्थींसह त्याला डोंगरात एका गुप्त जागी पुरले. जागा कोणालाही सांगितलेली नाही. इशीची शेवटची खूणही त्याच्या लोकांनी अशी झाकून घेतली.

डॉ. पोप यांनी इशीकडून शिकलेले १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवरील आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. ते वाचून अनेकांनी धनुष्य हाती घेतले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणासाठी फक्त धनुष्याचा वेगळा हंगाम सुरू केला, पुढे इतर राज्यांनीही केला. ज्या जमातीला बंदुकीने संपवले तिची विद्या बंदूकवाल्यांच्याच नातवंडांनी घेतली.

आपल्यासाठी

या चरित्रातून आम्हाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. इशीभोवतीचे सगळेच लोक दुष्ट नव्हते. शेरीफने त्याला सांभाळले, प्राध्यापकांनी त्याला घर दिले, डॉक्टर त्याचे मित्र झाले. तरीही वस्तू उचलून नेणाऱ्यांना त्या म्हातारीच्या पांघरुणाचा अर्थ कळला नाही, आणि ज्यांना इशी कळला होता त्यांनीही अखेर त्याच्या मेंदूला एक नमुना समजून पाठवून दिले. ज्याने साऱ्या रानाच्या खुणा वाचल्या त्याच्या खुणा नीट वाचायला कोणी फार वेळ थांबले नाही.

आपल्या धर्मग्रामातही खुणा असतात. तीन रविवार एखादा नेहमीचा बाक रिकामा दिसतो. एखाद्या घराची खिडकी दुपारीही बंद असते. एखादी म्हातारी मिस्सा संपल्यावर उगाचच रेंगाळते, कारण घरी बोलायला कोणी नसते. भाड्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाची मुले खेळणाऱ्या मुलांपासून दोन हात दूर उभी राहतात. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये, हे इशीने शिकवले. पण खूण दिसल्यावर थांबावे, दोनदा पाहावे आणि मग हळूच जवळ जावे, हेही त्यानेच शिकवले. आज मंदिरातून घरी जाताना वाटेवरच्या एका तरी दाराकडे आपण तसे पाहू या.